फोनचा कॅमेरा लावा, टेन-पिन बोलिंगचा स्कोअर वाढवा: नगरच्या गच्चीवरून शिकलेल्या गोष्टी



आमच्या जिल्ह्यात 'बोलिंग' म्हटलं की लोकांना एकच माणूस आठवतो, श्रीरामपूरचा झहीर खान. त्यामुळे मी घरी "बोलिंग सुधारायची आहे" म्हणालो तेव्हा वडिलांनी शांतपणे विचारलं, "आता या वयात कोणत्या टीममध्ये घेणार तुला?" त्यांना समजावून सांगितलं की ही ती बोलिंग नाही. ही मॉलमधली बोलिंग. भाड्याचे बूट घालायचे, तीन भोकांचा जड बॉल घ्यायचा आणि समोरच्या दहा पिना पाडायच्या.

मी राहतो नगरला. कागदावर आता अहिल्यानगर, पण बोलताना अजून नगरच येतं. बोलिंगसाठी मी पुण्याला जातो. माळीवाडा स्टँडवर एसटी पकडायची, सुपा, शिरूर, वाघोली करत विमाननगरच्या आसपास उतरायचं. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. खराडीला माझी ताई राहते, म्हणून महिन्यातून एक चक्कर होते. त्यात दोन, फार तर तीन गेम. त्याहून जास्त खिशाला परवडत नाही.

म्हणजे माझी अडचण साधी होती. महिन्याला तीन गेम खेळून कोणी सुधारतं का? पहिल्या चार महिन्यांत तरी मी सुधारलो नाही. स्कोअर ६० ते ८० च्या मध्ये अडकलेला. ताई प्रत्येक वेळी मला हरवायची आणि परतीच्या गाडीत बसवताना हसायची.

मग एक दिवस तिने माझा व्हिडिओ काढला. तो मी परतीच्या एसटीत दहा वेळा पाहिला आणि तिथून सगळं बदललं. आज मी जे सांगणार आहे त्याचं सार एवढंच: आपला हात कसा फिरतोय असं आपल्याला वाटतं आणि तो खरा कसा फिरतो, यात मोठा फरक असतो. तो फरक फोन दाखवतो. आणि एकदा तो दिसला की निम्मा सराव लेनशिवाय, घरीही होतो.

## आधी लेन समजून घ्या

बरेच जण थेट बॉल उचलतात आणि पिनांकडे बघून सोडतात. मीही तेच करायचो. पण लेनवर सगळ्या खुणा आधीच करून ठेवलेल्या असतात, फक्त त्या कोणी समजावून सांगत नाही.

- लांबी: फाउल लाइनपासून सगळ्यात पुढच्या पिनेपर्यंत ६० फूट. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची असते, म्हणजे जवळपास तेवढीच.
- रुंदी: साधारण १०५ सेंटीमीटर. ही रुंदी ३९ पट्ट्यांची असते, त्यांना बोर्ड म्हणतात. एक बोर्ड म्हणजे सुमारे २.७ सेंटीमीटर.
- बाण: फाउल लाइनच्या पुढे १२ ते १६ फुटांच्या पट्ट्यात सात बाण असतात. प्रत्येक पाचव्या बोर्डवर एक.
- पिना: त्रिकोणात दहा. सगळ्यात पुढची १ नंबरची, तिला हेड पिन म्हणतात. तिच्या मागे २-३, मग ४-५-६, शेवटी ७-८-९-१०. नंबर डावीकडून उजवीकडे. शेजारच्या दोन पिनांमध्ये, मध्यापासून मध्यापर्यंत, १२ इंचांचं अंतर.
- बॉल: बॉलवर लिहिलेला आकडा पौंडात असतो. ८ म्हणजे ३.६ किलो, १० म्हणजे साडेचार किलो, १२ म्हणजे ५.४ किलो. जास्तीत जास्त १६ पौंड.

आता यातली सगळ्यात कामाची गोष्ट. बॉल सोडताना हात फक्त १ अंशाने चुकला तर ६० फुटांवर बॉल किती सरकतो? सुमारे साडेबारा इंच. म्हणजे एका पिनेऐवजी शेजारची पिन! पण तीच चूक बाणांपाशी, १५ फुटांवर, फक्त तीन इंचांची असते.

म्हणून चांगले खेळाडू पिनांकडे बघत नाहीत, बाणाकडे बघतात. १५ फुटांवरच्या खुणेवरून बॉल नेणं ६० फुटांवरची पिन नेमण्यापेक्षा सोपं असतं. आणि चूक झाली तर ती लगेच दिसते. बॉल बाणाच्या डावीकडून गेला की उजवीकडून, हे तुम्हाला तिथेच कळतं. लगोरी खेळताना आपण थेट दगडांकडे बघून फेकायचो ना, ती सवय इथे मोडावी लागते.

## फोन कुठे आणि कसा लावायचा?

जागा पहिली: मागून. तुमच्या फेकणाऱ्या खांद्याच्या बरोबर मागे, छातीच्या उंचीवर. इथून दोन गोष्टी दिसतात: हात सरळ रेषेत जातोय का आणि बॉल कुठल्या बाणावरून गेला.

जागा दुसरी: बाजूने. इथून पावलं, गुडघा किती वाकतो, बॉल मागे किती उंच जातो आणि नेमका कुठे सुटतो, हे दिसतं.

ट्रायपॉड असेल तर तो बसायच्या जागेजवळ ठेवा, पळायच्या जागेत म्हणजे अप्रोचवर अजिबात नको. आधी तिथल्या स्टाफला विचारा. शेजारच्या लेनवरची माणसं, विशेषतः लहान मुलं, व्हिडिओत येत असतील तर त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय रेकॉर्ड करू नका. ट्रायपॉड नसेल तर सोबतच्याला फोन धरायला सांगा. माझ्याकडे त्या कामाला ताई असते.

आता सेटिंग्ज:

१. स्लो मोशनचा मोह टाळा. मी पहिल्यांदा थेट २४० फ्रेम्स प्रति सेकंदवर ठेवलं आणि व्हिडिओ डिस्को लाइटसारखा लुकलुकत आला. कारण साधं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात. डोळ्याला ते कळत नाही, पण २४० च्या वेगाने फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला बरोबर कळतं. शिवाय प्रत्येक फ्रेमला प्रकाश कमी मिळतो, म्हणून चित्र काळपट येतं. मॉलमध्ये ६० फ्रेम्सवर रेकॉर्ड करा. प्रो व्हिडिओ मोड असेल तर शटर १/१०० ठेवा. दिव्याच्या एका चढउताराला लागणारा वेळ तेवढाच असतो, त्यामुळे लुकलुकणं जातं. स्लो मोशन घरी, उन्हात वापरा.

२. ०.५x नको. वाइड अँगल लेन्स कडेच्या सरळ रेषा वाकवते. मग तुमचा सरळ हातही वाकडा दिसेल आणि तुम्ही नसलेली चूक दुरुस्त करत बसाल. १x वर ठेवा, हवं तर फोन थोडा मागे न्या.

३. फोकस लॉक करा. स्क्रीनवर खेळाडूवर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. नाहीतर समोरचे रंगीत दिवे बदलले की चित्र सतत उजळ-काळं होत राहतं.

४. क्लिप छोटी ठेवा. एका बॉलला एक क्लिप. अर्ध्या तासाचा व्हिडिओ घरी जाऊन कोणीच बघत नाही, मीही बघितला नाही.

## व्हिडिओत काय शोधायचं?

एका वेळी एकच गोष्ट बघा. मी या क्रमाने बघतो.

हात सरळ आहे का? मागून काढलेला व्हिडिओ बॉल मागे सगळ्यात उंच गेला असताना थांबवा, स्क्रीनशॉट घ्या. गॅलरीच्या एडिटमध्ये जाऊन खांद्यापासून बॉलपर्यंत एक रेष काढा. मग बॉल सुटतानाचा स्क्रीनशॉट घेऊन तशीच रेष काढा. दोन्ही उभ्या असतील तर छान. माझी पहिली रेष पाठीमागे डावीकडे आणि दुसरी उजवीकडे होती. म्हणजे हात अर्धवर्तुळात फिरत होता! मला तर शपथेवर वाटत होतं की मी सरळ टाकतोय. ताईचं वाक्य होतं, "अरे, तू बॉल नाही फिरवत, बॉल तुला फिरवतोय."

डोकं स्थिर आहे का? बॉल सोडताना डोकं वर उचललं जातं, कारण पिना पडताना बघायची घाई असते. डोकं उचललं की खांदा उचलला जातो आणि बॉल आपटतो.

शेवटी तोल आहे का? बॉल सुटल्यावर मनात तीन आकडे मोजेपर्यंत त्याच पोझमध्ये उभं राहता येतंय का? येत नसेल तर पावलांचा वेग जास्त आहे किंवा बॉल जड आहे.

बॉल कुठल्या बाणावरून गेला? तुम्ही ठरवलेला बाण आणि प्रत्यक्षातला बाण, दोन्ही लिहून ठेवा. हा आकडा स्कोअरपेक्षा खरा असतो. चुकीचा बॉल टाकूनही कधीकधी नऊ पिना पडतात, आणि त्या नऊ पिना आपल्याला फसवतात.

## घरच्या गच्चीवरचा सराव

हा भाग माझ्यासारख्या, लेनपासून लांब राहणाऱ्यांसाठी. गच्चीवर ६० फुटांची लेन कुठून आणणार? पण लक्षात घ्या, आपलं लक्ष्य पिना नाहीत, बाण आहेत. आणि बाण १५ फुटांवर आहेत. एवढी जागा बहुतेक गच्च्यांवर निघते.

सराव १: ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. तो हलवून सोडला तर स्वतःहून एका रेषेत मागेपुढे जातो, त्याला कोणी ढकलावं लागत नाही. बोलिंगचा हात असाच हवा. कापडी पिशवीत दोन लिटरची भरलेली पाण्याची बाटली ठेवा, पिशवीचे बंद घट्ट धरा, थोडं पुढे वाका आणि हात मोकळा सोडून मागेपुढे जाऊ द्या. जोर लावायचा नाही. पिशवी सोडायची पण नाही, खाली शेजाऱ्यांची गाडी असते! रोज २० वेळा. मागे फोन स्लो मोशनवर. उन्हात २४० फ्रेम्सचा व्हिडिओ मस्त येतो.

सराव २: खडूचे बाण. खडूने १०५ सेंटीमीटर रुंद आणि १५ फूट लांब पट्टा आखा. शेवटच्या टोकाला दर साडेतेरा सेंटीमीटरवर एक असे सात बाण काढा. खऱ्या लेनवर मधला बाण जरा पुढे असतो, पण सरावाला एका रेषेत चालतात. आता टेनिस बॉल खालच्या हाताने सरपटत सोडा. उजव्या हाताने खेळत असाल तर उजवीकडून तिसरा बाण, डावखुरे असाल तर डावीकडून तिसरा. दहापैकी किती वेळा बॉल बाणावरून जातो ते मोजा. मी तीनवरून सुरुवात केली.

सराव ३: चार पावलं. उजव्या हाताच्या खेळाडूने उजव्या पायाने सुरुवात करायची: उजवा, डावा, उजवा, आणि शेवटी डावा पाय घसरत थांबवायचा. पहिल्या पावलासोबत बॉल पुढे ढकलायचा, मग तो आपल्या वजनाने खाली आणि मागे जातो. डावखुऱ्यांनी सगळं उलट. लेनवर सुरुवात कुठून करायची हे शोधायची युक्ती: फाउल लाइनकडे पाठ करून उभे राहा, साडेचार पावलं चाला आणि वळा. तिथूनच सुरू करायचं.

पावसाळ्यात गच्ची बंद, तेव्हा हॉलमध्ये फक्त पहिला आणि तिसरा सराव. आईची परवानगी आधीच घ्या.

## वेग फोनने मोजा

वेग मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. बाजूने किंवा मागून काढलेला साधा व्हिडिओ पुरतो. गणित असं:

फाउल लाइन ते हेड पिन हे अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. त्याला ३.६ ने गुणलं की जवळपास ६६ येतात. म्हणून ६६ भागिले सेकंद = ताशी किलोमीटर.

आता सेकंद नेमके कसे मोजायचे? व्हिडिओ व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये पाव वेगाने, म्हणजे ०.२५x वर चालवा. दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच लावा. बॉल फाउल लाइन ओलांडताना सुरू, पिनेला लागताना बंद. आलेल्या वेळेला ४ ने भागा. समजा १० सेकंद आले, तर खरा वेळ अडीच सेकंद. ६६ भागिले २.५ म्हणजे ताशी साधारण २६ किलोमीटर. हळू चालवून मोजल्यामुळे आपल्या बोटाची चूकही चार पट कमी होते.

झहीरच्या ताशी १४० पुढे हे काहीच वाटणार नाही. पण चांगले बोलर साधारण ताशी २५ ते ३० मध्येच खेळतात. इथे जोराला मान नाही. दहाच्या दहा बॉल एकाच वेगाने जातात का, ते बघा. माझा पहिला बॉल २१ आणि रागावून टाकलेला चौथा बॉल ३१ निघाला. तोच बॉल थेट गटरमध्ये गेला होता, हे सांगायला नकोच.

## स्पेअर: स्कोअर इथेच वाढतो

सगळ्यांना स्ट्राइक हवा असतो. पण स्कोअरचं गणित नीट पाहिलं तर वेगळंच चित्र दिसतं. नियम आठवा: (इथे 'फ्रेम' म्हणजे गेमचे दहा टप्पे, व्हिडिओच्या फ्रेम्स नव्हेत.)

- पहिल्याच बॉलला दहाही पडल्या तर स्ट्राइक: १० अधिक पुढच्या दोन बॉलचे गुण.
- दोन बॉलमध्ये मिळून दहा पडल्या तर स्पेअर: १० अधिक पुढच्या एका बॉलचे गुण.
- उरल्या तर जेवढ्या पडल्या तेवढेच गुण.

आता दोन खेळाडू घ्या. पहिल्याला सुटे सुटे तीन स्ट्राइक मिळाले आणि बाकी सात फ्रेममध्ये प्रत्येकी आठच पिना. त्याचे झाले ३ गुणिले १८ म्हणजे ५४, अधिक ५६. एकूण ११०. दुसऱ्याला एकही स्ट्राइक नाही. पहिल्या बॉलला दरवेळी सात पिना, एक फ्रेम सोडून एक असे पाच स्पेअर, बाकी पाच फ्रेममध्ये आठ. त्याचे झाले ५ गुणिले १७ म्हणजे ८५, अधिक ४०. एकूण १२५.

टाळ्या पहिल्याला मिळाल्या, गेम दुसऱ्याने जिंकला. प्रत्येक फ्रेममध्ये नऊ आणि मग स्पेअर असं शेवटपर्यंत केलं तर एकाही फ्रेममध्ये स्ट्राइक न मारता १९० होतात. सगळेच स्ट्राइक, म्हणजे सलग बारा, मारले तर ३००, त्याच्या वर काही नाही.

उरलेल्या पिना पाडायची सोपी पद्धत ३-६-९. ज्या जागेवरून उभे राहिल्यावर तुमचा बॉल हेड पिनेपाशी बरोबर जातो ती तुमची मूळ जागा. बाण बदलायचा नाही, फक्त पाय सरकवायचे:

- उरलेली पिन डावीकडे असेल तर उजवीकडे सरका: २ साठी ३ बोर्ड, ४ साठी ६ बोर्ड, ७ साठी ९ बोर्ड.
- उरलेली पिन उजवीकडे असेल तर डावीकडे सरका: ३ साठी ३, ६ साठी ६, १० साठी ९.

उलट का सरकायचं? दाराच्या किल्लीच्या भोकातून टॉर्च मारून बघा. टॉर्च उजवीकडे नेला की पलीकडच्या भिंतीवरचा उजेड डावीकडे जातो. बाण म्हणजे ते भोक. हे आकडे सुरुवातीचे आहेत, तुमच्या बॉलप्रमाणे एखादा बोर्ड कमी-जास्त करावा लागेल. आणि सरकल्यावर चालायचं बाणाच्या दिशेनेच, नाहीतर काही उपयोग नाही.

## रील बघून हूक मारायला जाऊ नका

आता माझी चूक सांगतो, कारण ही बरेच जण करतात.

रील्समध्ये बॉल गटरच्या कडेने जातो आणि शेवटी वळून पिनांमध्ये घुसतो. बघायला भारी वाटतं. मीही मनगट पिळून तसं करायला गेलो, आणि वरून दाखवायला १४ पौंडाचा बॉल घेतला. बॉल वळला नाहीच. मनगट मात्र वळलं. दोन आठवडे गाडीचा ॲक्सिलरेटर पिळतानाही कळ यायची, आणि त्या महिन्याची पुण्याची चक्कर बुडाली. दोनशे-तीनशे रुपयांच्या खेळात दोन आठवडे हात अडकवून बसलो.

बॉल का वळला नाही? लेनवर तेल असतं. साधारण पहिल्या ४० फुटांपर्यंत तेल, पुढे कोरडं. व्यावसायिक खेळाडूंच्या बॉलचं आवरण कोरड्या भागात लेनला पकडतं, म्हणून तो वळतो. आपल्याला मिळणारा भाड्याचा बॉल बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचा असतो. तो घसरत सरळ जातो. बॉल हूकचा नाही, तर मनगट पिळून काय होणार?

हूकचा फायदा मात्र खरा आहे. पिनांमध्ये बॉल साधारण ६ अंशांच्या कोनातून शिरला तर स्ट्राइकची शक्यता सगळ्यात चांगली असते. सरळ बॉलला जेमतेम १ ते दीड अंशाचा कोन मिळतो. उजव्या हाताच्या खेळाडूने १ आणि ३ च्या मधली फट धरायची, डावखुऱ्याने १ आणि २ च्या मधली. तिला पॉकेट म्हणतात. गंमत म्हणजे अगदी नेमक्या स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो: १, ३, ५ आणि ९. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. म्हणून इथेही जोर नाही, दिशा.

हलका बॉल घेण्यात कमीपणा नाही. सर्वसाधारण अंदाज म्हणजे आपल्या वजनाच्या दहा टक्के, पण हात खांद्यातून ओढल्यासारखा वाटला तर त्याहून हलका घ्या. अंगठा भोकातून सहज सुटला पाहिजे. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँटे लहानपणी बॉल जड म्हणून दोन्ही हातांनी टाकायचा. मोठेपणीही त्याने ते सोडलं नाही, आणि व्यावसायिक स्पर्धांमध्ये १५ मेजर विजेतेपदं मिळवली. बॉल झेपेना तर त्याने पद्धत बदलली, मनगट पणाला लावलं नाही.

## लेनवर जाण्याआधी हे बघा

- पिनांना वरून दोऱ्या आहेत का? बऱ्याच नव्या ठिकाणी दोरीच्या पिना असतात. यंत्र स्वस्त पडतं, पण पिना जरा वेगळ्या पडतात. अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेने २०२३ मध्ये या प्रकाराला मान्यता दिली, पण वेगळा प्रकार म्हणून. तेव्हा दोन ठिकाणच्या स्कोअरची तुलना करून मन खट्टू करून घेऊ नका.
- फाउल लाइन ओलांडू नका. पुढे तेल असतं. बूट घसरतात, आणि बुटाला लागलेलं तेल अप्रोचवर आलं की पुढचा खेळाडूही घसरतो.
- खिशातला फोन काढून ठेवा. हात मोकळा फिरतो, फोनही वाचतो.
- मोजे घेऊन जा. बूट भाड्याचे असतात.

मोठ्या प्रशिक्षण केंद्रांत बॉलचा मार्ग टिपायला लायडारवर चालणारी 'स्पेक्टो'सारखी यंत्रणा असते. बॉल कुठल्या बोर्डवरून गेला, किती कोनात शिरला, वेग किती, सगळं लगेच स्क्रीनवर. आपल्याकडे ती नसली तरी त्यातले दोन प्रश्न, कुठल्या बाणावरून आणि किती वेगाने, फोन सोडवतो.

## नोंद ठेवा, साधी ठेवा

गूगल शीट्समध्ये माझे पाच रकाने आहेत: तारीख, ठरवलेला बाण, प्रत्यक्षातला बाण, उरलेल्या पिना, स्पेअर झाला की नाही. दोन गेमनंतर एसटीत बसून भरतो, शिरूर येईपर्यंत काम संपतं. तीन महिन्यांनी त्या शीटने मला सांगितलं की माझे जवळपास सगळे हुकलेले स्पेअर १० नंबरच्या पिनेचे होते. मग पुढचा महिना गच्चीवर फक्त तिरक्या रेषेचा सराव.

सहा महिन्यांत मी ६८ वरून १२७ वर आलो. फार मोठा स्कोअर नाही, मान्य आहे. पण महिन्याला दोन-तीनच गेम, आणि बाकी सगळं गच्चीवर खडू, पाण्याची बाटली आणि फोन यांच्या जोरावर. खडूच्या बाणावर आता दहापैकी सात वेळा बॉल जातो. गेल्या महिन्यात ताईला पहिल्यांदा हरवलं, चार गुणांनी. तिने लगेच माझ्याकडून फोन मागून घेतला आणि म्हणाली, "चल, आता माझा व्हिडिओ काढ."

तुम्हीही पुढच्या वेळी मित्रांसोबत जाल तेव्हा सेल्फीच्या आधी एक क्लिप मागून काढून घ्या. फक्त एक. घरी येऊन खांद्यापासून बॉलपर्यंत रेष ओढा. रेष सरळ आली तर तुम्ही माझ्या पुढे आहात. वाकडी आली तर काळजी करू नका, पाण्याची बाटली आणि पिशवी घरात आहेच!